सैनिकाच्या हातातील उपग्रह-दिशादर्शक : यंत्र, नकाशा आणि स्वावलंबन



दिल्लीत मंडी हाउसच्या चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याला कोपर्निकस मार्ग असे नाव आहे. कामानिमित्त राजधानीत येणाऱ्या मराठी माणसाला हा रस्ता चांगला परिचित आहे. कारण जुने महाराष्ट्र सदन याच रस्त्यावर आहे. दूरदर्शन भवन आणि कमानी सभागृह हेही येथेच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असे १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडणाऱ्या खगोलशास्त्रज्ञाचे नाव या रस्त्याने धारण केले आहे. हा रस्ता जेथे संपतो, तेथून जवळच २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्राला अर्पण करण्यात आलेले राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे आणि त्याच्या भिंतींवरील दगडी विटांवर हुतात्म्यांची नावे कोरलेली आहेत. आकाशाच्या गणिताचा आणि रणभूमीचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न एखाद्याला पडेल. आजच्या सैनिकाच्या हातात असलेले उपग्रह-दिशादर्शक यंत्र हे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

‘आपण नेमके कोठे आहोत?’ हा सैनिकाचा सर्वांत जुना प्रश्न आहे. रात्रीच्या अंधारात, धुक्यात, वाळवंटात किंवा हिमवादळात या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर तुकडी शत्रूच्या हाती सापडते, रसद दुसरीकडे जाते आणि आपल्याच तोफांचे गोळे आपल्याच जवानांवर पडतात. ध्रुवतारा, होकायंत्र, नकाशा आणि स्थानिक वाटाड्या ही या प्रश्नाची पारंपरिक उत्तरे होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांत तळहातावर मावणाऱ्या यंत्राची भर पडली. या यंत्राने सैनिकाला काय दिले, काय दिले नाही आणि त्यापासून आपल्या देशाने कोणता बोध घेतला, याचा विचार येथे करावयाचा आहे.

यंत्र कसे काम करते?

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने उभारलेल्या जीपीएस या प्रणालीचा पहिला उपग्रह १९७८ साली अवकाशात गेला आणि १९९५ साली ती पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाल्याचे जाहीर करण्यात आले. या प्रणालीचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती फिरतात. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असते. ‘मी अमुक जागी आहे आणि आता अमुक वेळ झाली आहे,’ एवढाच संदेश उपग्रह सतत प्रसारित करीत असतो. सैनिकाच्या हातातील यंत्र हा संदेश आपल्यापर्यंत पोहोचण्यास किती वेळ लागला हे मोजते आणि त्यावरून उपग्रहापासूनचे अंतर काढते. अशा किमान चार उपग्रहांचे संदेश मिळाले, की अक्षांश, रेखांश, उंची आणि अचूक वेळ या चारही गोष्टी निश्चित होतात.

म्हणजे ही सारी व्यवस्था मुळात घड्याळाची आहे. रेडिओलहरी एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर अंतर कापतात. त्यामुळे घड्याळात एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात सुमारे ३०० मीटरचा फरक पडतो. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेच्या सिद्धान्तानुसार उपग्रहावरील घड्याळ जमिनीवरील घड्याळापेक्षा दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जाते. ही तफावत हिशेबात धरली नाही, तर एका दिवसातच कित्येक किलोमीटरची चूक साचेल.

येथे एक बाब ध्यानात ठेवली पाहिजे. हे यंत्र केवळ ऐकते; ते उपग्रहाकडे काहीही पाठवीत नाही. त्यामुळे ते वापरणाऱ्या सैनिकाचा ठावठिकाणा केवळ त्याच्या वापरामुळे शत्रूला कळत नाही. रणभूमीवर हा मोठाच लाभ आहे. मात्र जे ऐकावयाचे ते अत्यंत क्षीण असते. जमिनीवर पोहोचेपर्यंत उपग्रहाची लहर इतकी दुर्बळ होते, की जवळपास असलेले एखादे साधे यंत्रही तिच्यात व्यत्यय आणू शकते. सामर्थ्य आणि दुर्बलता अशी एकाच ठिकाणी नांदते.

वाळवंटातील पहिली कसोटी

१९९१ च्या आखाती युद्धात पायदळाने या यंत्राचा प्रथमच मोठ्या प्रमाणावर उपयोग केला. तोपर्यंत उपग्रहांचे जाळे पुरे झालेले नव्हते. दिवसातील काही काळ पुरेसे उपग्रह आकाशात नसत. तरीही खुणेचे झाड नाही की टेकडी नाही, अशा अरबी वाळवंटात रणगाड्यांच्या तुकड्यांना रात्री योग्य दिशेने नेण्याचे काम या छोट्या यंत्रांनी केले. लष्करी बनावटीचे संच इतके अपुरे होते, की व्यापारी बनावटीची यंत्रे घाईने खरेदी करण्यात आली. काही सैनिकांच्या घरच्यांनी तर ती विकत घेऊन टपालाने आघाडीवर धाडली.

या नागरी यंत्रांमुळे एक विचित्र परिस्थिती उद्भवली. नागरी वापरासाठीच्या संदेशात अमेरिका त्या काळी हेतुपुरस्सर चूक मिसळत असे, जेणेकरून इतरांना सुमारे १०० मीटरपेक्षा अधिक अचूक स्थान कळू नये. आता स्वतःचेच सैनिक नागरी यंत्रे वापरू लागल्यामुळे युद्धकाळात ही चूक मिसळणे थांबवावे लागले. युद्धानंतर ती पुन्हा सुरू झाली आणि मे २००० मध्ये कायमची बंद करण्यात आली. संदेशाची कळ ज्याच्या हाती, त्याच्या इच्छेवर इतरांची अचूकता अवलंबून असते, हा धडा जगाने यातून घेतला.

कारगिल : शिखरावरचे शंभर मीटर

भारताच्या दृष्टीने या धड्याचा खरा अर्थ १९९९ च्या उन्हाळ्यात स्पष्ट झाला. कारगिल क्षेत्रातील १६ ते १८ हजार फूट उंचीच्या कड्यांवर घुसखोरांनी ठाणी मांडली होती. २६ मे १९९९ रोजी भारतीय हवाई दलाने ‘सफेद सागर’ मोहीम सुरू केली. त्या वेळी हवाई दलाचे प्रमुख होते एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस. नियंत्रण रेषा ओलांडावयाची नाही, असा शासनाचा स्पष्ट आदेश होता. त्यामुळे आपण रेषेच्या अलीकडे आहोत की पलीकडे, हे वैमानिकाला क्षणोक्षणी ठाऊक असणे आवश्यक होते.

मिराज विमानांना लेझर-मार्गदर्शित बॉम्बची जोड मिळाली आणि २४ जून रोजी टायगर हिलवरील ठाण्याचा त्यांनी वेध घेतला, हे सर्वश्रुत आहे. त्या मानाने कमी सांगितली जाणारी गोष्ट अशी, की जुन्या विमानांच्या काही वैमानिकांनी बाजारात मिळणारे हातातले जीपीएस यंत्र आणि साधे सेकंद-घड्याळ यांच्या आधारे रात्रीचे हल्ले केले. ज्या विमानांत आधुनिक दिशादर्शन प्रणाली नव्हती, तेथे मानवी कौशल्य आणि तळहाताएवढे यंत्र यांची सांगड घालण्यात आली. साधनांच्या अभावावर मात करण्याचे हे उदाहरण अभिमानास्पद आहे. पण ते अस्वस्थ करणारेही आहे. कारण १९९९ साली नागरी संदेशातील मुद्दाम मिसळलेली चूक अस्तित्वात होती. सपाट प्रदेशात १०० मीटरचा फरक कदाचित निभावून नेता येईल. कारगिलच्या अरुंद कड्यांवर मात्र १०० मीटर म्हणजे शिखराच्या या बाजूचा उतार की त्या बाजूचा, एवढा फरक होय.

त्या युद्धाच्या वेळी अमेरिकेने भारताला जीपीएसची माहिती नाकारली, असे वारंवार सांगितले जाते. त्या कथनाचा तपशील काहीही असो, मूळ वस्तुस्थिती निर्विवाद आहे. ज्या आकाशाखाली भारतीय जवान लढत होते, त्या आकाशातील दिशादर्शक उपग्रहांवर भारताचे कोणतेही नियंत्रण नव्हते.

याच युद्धातील आणखी एक घटना विसरता कामा नये. मे १९९९ च्या आरंभी बटालिक भागात घुसखोरांचा सुगावा ज्यांनी प्रथम लष्कराला दिला, त्यांत ताशी नामग्याल या मेंढपाळाचे नाव घेतले जाते. हरवलेला याक शोधताना दुर्बिणीतून त्यांना परकी माणसे दिसली. डोंगर ओळखणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचे मोल उपग्रहाच्या युगातही कमी झालेले नाही.

नकाशा आणि यंत्र यांचा मेळ

सैनिकाच्या हाती यंत्र आले, तरी नकाशाची गरज संपत नाही. यंत्र केवळ आकडे सांगते. त्या आकड्यांना नकाशावर अर्थ प्राप्त होतो. आणि येथेच एक सूक्ष्म अडचण उभी राहते. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये निश्चित केलेल्या पृथ्वीच्या आकारावर आधारलेले होते. त्यांच्या गणिताचा आरंभबिंदू मध्य प्रदेशातील कल्याणपूर येथे होता. जीपीएस यंत्र मात्र ‘डब्ल्यूजीएस-८४’ या जागतिक मापनपद्धतीनुसार उत्तर देते. पृथ्वी एकच असली, तरी दोन्ही पद्धतींत त्याच जागेचे अक्षांश-रेखांश किंचित निराळे येतात, आणि हा ‘किंचित’ फरक जमिनीवर १०० मीटरच्याही पुढे जाऊ शकतो.

यंत्रातील मापनपद्धती न बदलता जुन्या नकाशावर आकडे उतरविणारा सैनिक कोणतीही बेरीज न चुकताही चुकीच्या जागी पोहोचतो. तोफखान्याला तर ही चूक परवडणारी नाही. नाशिकजवळ देवळाली येथील तोफखाना प्रशिक्षण केंद्रात तोफ आणि लक्ष्य या दोहोंचे स्थान अचूक ठरविण्यावर जो भर दिला जातो, त्याचे कारण हेच. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार संरक्षण दलांसाठी आणि सर्वसामान्यांसाठी नकाशांच्या स्वतंत्र मालिका करण्याचे ठरले आणि सार्वजनिक मालिकेसाठी जागतिक मापनपद्धती स्वीकारण्यात आली. कार्यालयीन वाटणाऱ्या या निर्णयाचा संबंध थेट सैनिकाच्या पावलाशी आहे.

आकडा अचूक असूनही तो पुरेसा नसतो, याचेही उदाहरण आपल्या इतिहासात आहे. १९४९ च्या कराची करारात युद्धबंदी रेषा एनजे ९८४२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बिंदूपर्यंत आखण्यात आली आणि त्यापुढे ती उत्तरेकडे हिमनद्यांपर्यंत जाते, एवढेच लिहिले गेले. बिंदू निश्चित होता. पुढची दिशा शब्दांवर सोडली गेली. एप्रिल १९८४ पासून भारतीय जवान सियाचीनच्या हिमात जो पहारा देत आहेत, त्याच्या मुळाशी ही अपुरी नोंद आहे.

एका विद्युतघटाची किंमत

यंत्रावर विसंबण्याचा धोका किती भयंकर असू शकतो, हे ५ डिसेंबर २००१ रोजी अफगाणिस्तानात दिसले. कंदाहारच्या उत्तरेस लढणाऱ्या अमेरिकी तुकडीने शत्रूच्या ठाण्यावर हवाई हल्ल्याची मागणी केली. नंतर प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार, लक्ष्याचे आकडे काढल्यानंतर हातातल्या यंत्राचा विद्युतघट संपला. नवा घट घालताच यंत्र पुन्हा सुरू झाले. परंतु पडद्यावर आता लक्ष्याचे नव्हे, तर यंत्राच्या स्वतःच्या जागेचे आकडे होते. यंत्राची रचनाच तशी होती. तेच आकडे विमानाला कळविले गेले आणि सुमारे ९०० किलो वजनाचा बॉम्ब मागणी करणाऱ्यांवरच पडला. तीन अमेरिकी सैनिक आणि त्यांचे अनेक अफगाण सहकारी मृत्युमुखी पडले. पुढे अफगाणिस्तानचे अध्यक्ष झालेले हमीद करझाई तेथेच होते. ते किरकोळ जखमी झाले.

या घटनेत उपग्रह चुकला नाही, यंत्र बिघडले नाही, बॉम्बही भरकटला नाही. प्रत्येक साधनाने आपापले काम अचूकपणे केले. न्यून राहिले ते यंत्राची सवय ठाऊक असण्यात आणि आकडे उच्चारण्यापूर्वी ते एकदा नकाशाशी ताडून पाहण्यात. एवढी पडताळणी करण्यास लागणारा वेळ काही सेकंदांचा असतो.

यंत्राच्या वापरातून नकळत माहिती फुटण्याचा धोकाही आता समोर आला आहे. व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या एका संगणकीय सेवेने २०१७ मध्ये जगभरातील वापरकर्त्यांच्या धावण्याच्या मार्गांचा नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये अभ्यासकांच्या लक्षात आले, की ओसाड प्रदेशांतील लष्करी तळांच्या आकृत्या त्यात स्पष्ट उमटल्या आहेत. सैनिकांच्या मनगटावरील घड्याळांनी त्या रेखाटल्या होत्या. उपग्रहाचा संदेश ऐकणारे यंत्र निरुपद्रवी असते. ऐकलेले इतरत्र पाठविणारे यंत्र तसे राहत नाही.

मुंबईचा अनुभव

हे साधन केवळ सैनिकाच्याच हाती राहिलेले नाही, ही जाणीव महाराष्ट्राइतकी दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे दहशतवादी कराचीहून समुद्रमार्गे आले. ‘कुबेर’ ही मासेमारी नौका त्यांनी बळकावली, तिच्या तांडेलाची हत्या केली आणि हातातल्या जीपीएस यंत्राच्या साहाय्याने मुंबईचा किनारा गाठला. नौकेवर सापडलेले हे यंत्र पुढे न्यायालयात पुराव्याचा भाग ठरले. पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवावाचून अनोळखी समुद्र पार करण्याची क्षमता बाजारातल्या एका वस्तूने मारेकऱ्यांना दिली.

त्यावरचे उत्तर यंत्रावर बंदी घालण्यात नव्हे, तर समुद्रावरील प्रामाणिक माणसाला अधिक चांगले साधन देण्यात आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपाँडर बसविण्याच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ झाला. त्यायोगे मच्छीमाराला संकटकाळी किनाऱ्याशी संपर्क साधता येतो आणि सागरी सीमेची सूचनाही मिळते. सुरक्षा आणि विकास या दोन गोष्टी येथे एकत्र आल्या आहेत.

स्वावलंबनाची वाटचाल

भारतीय सैनिकासाठी स्वतंत्र यंत्र घडविण्याचे प्रयत्न नवीन नाहीत. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि बंगळूरच्या एन्कोर कंपनीतील अभियंते यांच्या सहकार्यातून ‘सिम्प्युटर’ हा अल्पखर्ची हातसंगणक साकारला. त्याच धर्तीवर २००० नंतरच्या दशकात एन्कोरने लष्कराच्या सहभागाने ‘साथी’ हे उपकरण विकसित केले. स्वतःचे स्थान, नकाशा आणि सहकाऱ्यांची ठिकाणे एकाच पडद्यावर दाखविणे, ही त्यामागील कल्पना होती. यंत्र भारतीय होते. परंतु ते ज्या संदेशावर चालावयाचे, तो संदेश परक्यांचा होता.

ही उणीव दूर करण्यासाठी २००६ मध्ये केंद्र शासनाने स्वतंत्र प्रादेशिक दिशादर्शन प्रणालीस मंजुरी दिली. तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी, तर सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी प्रक्षेपित झाला आणि पंतप्रधानांनी या प्रणालीला ‘नाविक’ हे नाव दिले. भारत आणि सीमेपलीकडील सुमारे १,५०० किलोमीटरचा प्रदेश हे तिचे क्षेत्र होय. नाविकच्या दोन सेवा आहेत : एक सर्वांसाठी खुली आणि दुसरी सांकेतिक स्वरूपाची, केवळ अधिकृत वापरकर्त्यांसाठी. सैनिकाच्या दृष्टीने ही दुसरी सेवा मोलाची आहे. कारण तिची कळ भारताच्या हाती आहे.

ही वाट सुकर मात्र ठरली नाही. पहिल्या उपग्रहातील तिन्ही आयात अणुघड्याळे बंद पडली. पुढे इतर अनेक उपग्रहांतील घड्याळांतही दोष उद्भवले. ऑगस्ट २०१७ मध्ये बदली उपग्रहाचे प्रक्षेपण अयशस्वी झाले. एप्रिल २०१८ मध्ये त्याची जागा दुसऱ्या उपग्रहाने घेतली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या उपग्रहात प्रथमच भारतीय बनावटीचे अणुघड्याळ बसविण्यात आले. जानेवारी २०२५ मध्ये, श्रीहरिकोट्याच्या शंभराव्या प्रक्षेपणात, एनव्हीएस-०२ अवकाशात गेला. परंतु त्याला नियोजित कक्षेत नेता आले नाही. स्वावलंबन एकदा जाहीर करून संपत नाही. घड्याळे झिजतात, उपग्रहांचे आयुष्य सरते आणि जाळे सतत नवे ठेवावे लागते. परकी प्रणालीवर अवलंबून राहण्याची किंमत युद्धात मोजावी लागते. स्वतःच्या प्रणालीची किंमत शांततेच्या काळात, वर्षानुवर्षे, धीराने मोजावी लागते.

सैनिक हाच केंद्रबिंदू

याचा अर्थ यंत्र टाळावे असा नाही. हिमवादळात वाट चुकलेल्या तुकडीला ते तळावर सुखरूप आणू शकते. जखमी जवानासाठी बोलाविलेल्या हेलिकॉप्टरला नेमकी जागा सांगू शकते. परंतु विद्युतघट संपणे, कड्यांच्या किंवा घनदाट झाडीच्या आड उपग्रह न दिसणे, शत्रूने संदेशात अडथळा आणणे किंवा खोटा संदेश पाठविणे, यांपैकी काहीही केव्हाही घडू शकते. म्हणूनच खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील छात्राला आजही नकाशावाचन आणि होकायंत्राच्या आधारे वाटचाल करण्याचे शिक्षण दिले जाते. ते शिक्षण कालबाह्य झालेले नाही. यंत्राच्या युगात ते अधिकच आवश्यक ठरले आहे. ज्याला यंत्रावाचून वाट सापडते, त्यालाच यंत्र चुकत असल्याचे ओळखता येते.

तेव्हा धोरणाची दिशा तीन अंगांची असावयास हवी : आकाशात स्वतःचे पुरेसे उपग्रह आणि स्वदेशी घड्याळे, जमिनीवर त्यांच्याशी जुळणारे अद्ययावत नकाशे, आणि सैनिकाच्या मनात दोहोंची पडताळणी करण्याची सवय. यांतील एकही अंग दुबळे राहिले, तर उरलेली दोन निरुपयोगी ठरू शकतात.

कोपर्निकस मार्गाच्या टोकाशी असलेल्या स्मारकात कारगिलमध्ये धारातीर्थी पडलेल्या जवानांचीही नावे आहेत. आपण कोठे उभे आहोत, हे त्यांना पूर्णपणे ठाऊक होते. त्यांच्यामागून त्या शिखरांवर पहारा देणाऱ्या जवानाच्या हातातील यंत्राला त्याचे उत्तर आपल्याच आकाशातून, न थांबता मिळत राहावे, ही जबाबदारी मात्र शास्त्रज्ञांची, प्रशासनाची आणि पर्यायाने आपणा सर्वांची आहे.